फोन त्यांच्या सकाळी करा

(हिवाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेत विषय छापला आहे ‘हिवाळा आणि मन’. त्यावर मी बोलणारच आहे, पण आज मला तुमच्याकडून एक काम करून घ्यायचं आहे. ज्यांची मुलं, सुना, जावई स्वीडन, नॉर्वे, इंग्लंड, कॅनडा या बाजूला आहेत त्यांनी हात वर करा. निम्मं सभागृह झालं की! आता सांगा, तुम्ही त्यांना फोन कधी करता? “जेवणं झाल्यावर.” आणि मागून कुणी म्हणतंय, “मालिका संपल्यावर.” (हशा) म्हणजे रात्री दहाला. तेव्हा स्टॉकहोममध्ये संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. डिसेंबरात तिथे सूर्य तीनच्या आतच मावळतो. तुमचा मुलगा अडीच तास अंधार बघून बसलेला असतो. तुम्ही विचारता, “आवाज असा का रे?” तो म्हणतो, “काही नाही, झोप येतेय.” हा फोन मला रात्रीतून उचलून त्याच्या सकाळी नेऊन ठेवायचा आहे. आजचं सगळं बोलणं त्यासाठीच आहे.

हिवाळी नैराश्य म्हणजे काय, मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक काय करतं, मेंदूत घड्याळ कुठे असतं, हे रविवारच्या पुरवण्यांतून तुम्ही वाचलेलं आहे. त्यात मी वेळ घालवत नाही. लक्षणांबद्दल मात्र बोलायला हवं, कारण घरचे लोक फसतात ते तिथेच. नैराश्य म्हटलं की झोप उडालेला, अन्न न जाणारा माणूस आपल्या डोळ्यांपुढे येतो. या आजारात बहुतेक वेळा उलट होतं. माणूस जास्त झोपतो, भात-पाव-गोड यांवर वासना जाते, वजन वाढतं, हातपाय जड होतात. आणि व्हिडिओ कॉलवर आई म्हणते, “तब्येत सुधारली हो तुझी!” बाबा म्हणतात, “आळस वाढलाय.” ज्या महिन्यांत त्या पोराला मदत हवी, त्याच महिन्यांत त्याला एक कौतुक मिळतं आणि एक बोलणं बसतं. दोन्ही चुकीच्या जागी.

या आजाराला नाव मिळालं १९८४ मध्ये. नॉर्मन रोझेन्थाल हे मूळचे दक्षिण आफ्रिकेतले डॉक्टर. जोहान्सबर्गच्या उन्हातून ते अमेरिकेत गेले आणि तिथला हिवाळा त्यांना स्वतःला जाणवला. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २९ रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्याच्या चार वर्षं आधी आल्फ्रेड लुई यांनी दाखवून दिलं होतं, की प्रखर उजेड डोळ्यांवर पडला की माणसाच्या शरीरातलं मेलाटोनिन दबतं. खोलीतल्या साध्या दिव्यानं ते तेवढं होत नव्हतं. मुद्दा हा, की उजेडाला मात्रा असते. आज सर्वसाधारणपणे १०,००० लक्सचा (लक्स हे उजेडाचं माप) दिवा, अर्धा तास, उठल्यावर लवकर, अशी ती सांगितली जाते. कार्यालयातला उजेड ३०० ते ५०० लक्स असतो. दिवसभर ट्यूबलाइटखाली बसलेल्या माणसाला तुम्ही “उजेडात तर असतोस” म्हणालात, तर तो हिशेब बरोबर नाही.

एक चिठ्ठी आली आहे: “आमच्या पिढीत असलं काही नव्हतं. मुलं नाजूक झाली आहेत.” (टाळ्या) टाळ्या ऐकल्या. मीही याच पिढीतला आहे, आणि मला हे मान्य नाही. २१ डिसेंबरला पुण्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४८ अंश वर असतो. स्टॉकहोममध्ये ७ अंश. आपला सर्वांत लहान दिवस ११ तासांचा, त्यांचा ६ तासांचा, तोही बहुधा ढगाखाली. तुमचा खंबीरपणा खरा आहे, पण त्याला ११ तासांच्या दिवसाची साथ होती. ती साथ न मिळालेल्या खंबीर माणसांचं काय होतं, हे सांगतो. थोडक्यात सांगतो.

१८९८. ‘बेल्जिका’ नावाचं जहाज अंटार्क्टिकाजवळ बर्फात अडकलं. दक्षिण ध्रुववृत्ताच्या आत हिवाळा काढणारी ही पहिली मोहीम. मोहिमेचा प्रमुख आद्रियां द जेर्लाश, जहाजावर तरुण रोआल्ड आमुंडसेन, जो पुढे दक्षिण ध्रुवावर पहिला पोहोचला. यांना नाजूक म्हणणार का? मे महिन्याच्या मध्यात सूर्य गेला तो सुमारे ७० दिवस आला नाही. माणसं फिकी पडली, नाडी बिघडली, कुणी कुणाशी बोलेना. जूनमध्ये एमिल डँको वारला. जेर्लाशनं मृत्युपत्र लिहून ठेवलं. काहींची बुद्धी भ्रमली. त्या जहाजावर फ्रेडरिक कुक नावाचा अमेरिकन डॉक्टर होता. पुढे उत्तर ध्रुवाच्या वादात तो बदनाम झाला, ती गोष्ट वेगळी, आणि ती सुरू केली तर आपण इथेच रात्र काढू. (हशा) या कुकनं काय केलं? स्कर्व्ही, म्हणजे ताज्या अन्नाअभावी होणारा आजार, झालेल्यांना पेंग्विन आणि सीलचं ताजं मांस खायला लावलं. प्रमुखाला त्याची किळस होती, तरी लावलं. आणि आजारी माणसांना कपडे उतरवून पेटत्या शेगडीसमोर रोज ठरावीक वेळ उभं केलं. बर्फावर जहाजाभोवती फेऱ्या मारायला लावल्या. त्या फेरीला खलाशी वेड्यांच्या इस्पितळातली फेरी म्हणत, पण चालत. माणसं सावरली. त्यात मांसाचा वाटा मोठा होता, आणि शेगडीचा उजेड आजच्या मापानं अगदी कमी, हे मी लपवत नाही. पण कुकची रीत बघा. “धीर धरा” एवढं सांगून तो थांबला नाही. त्यानं वेळ नेमली, मात्रा नेमली, आणि प्रत्येक आजाऱ्यापाशी तो स्वतः जात राहिला.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे: दहा मिनिटं. मग नॉर्वेतल्या रियुकान गावाची चित्रं राहू देतो. दरीतल्या त्या गावाला सप्टेंबर ते मार्च ऊन मिळत नाही, म्हणून २०१३ मध्ये डोंगरावर तीन मोठे आरसे बसवून चौकात ऊन पाडलं आहे, एवढंच लक्षात ठेवा.

आता माझ्या मुद्द्याला अडचणीची ठरणारी गोष्ट. व्हरमाँट विद्यापीठातल्या केली रोहन यांनी १७७ लोकांवर तुलना केली: काहींना उजेडाचा उपचार, काहींना समुपदेशनानं विचार आणि वागणूक बदलण्याचा, सहा आठवड्यांचा. त्या हिवाळ्यात दोन्ही सारखेच लागू पडले. त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात मात्र आजार परतला तो उजेडवाल्यांपैकी सुमारे ४६ टक्क्यांत आणि दुसऱ्या गटात २७ टक्क्यांत. म्हणजे समुपदेशन हवंच. ज्याला मिळेल त्यानं घ्यावं. मी मात्र यातून आणखी एक गोष्ट वाचतो. उजेड रोज घ्यावा लागतो, आणि ज्याचं मन उठू देत नाही त्यालाच रोज उठून तो घ्यायचा असतो. व्यायामाची सायकल जशी कपडे वाळत घालायला उरते, तसा तो दिवा कोपऱ्यात उरतो. एकट्यानं हे निभत नाही. सोबत लागते, आणि ती सोबत तुम्ही इथे बसून देऊ शकता.

म्हणून काम सांगतो. स्टॉकहोमची सकाळ नऊ म्हणजे आपली दुपार दीड. लंडनचे साडेआठ म्हणजे आपले दोन. टोरांटोचे आठ म्हणजे आपली संध्याकाळ साडेसहा. या वेळेला फोन लावा आणि पहिलं वाक्य म्हणा, “बाहेर पड, चालत बोल.” व्हिडिओ नको. कामावर जायचं असेल तर दोन थांबे आधी उतरून चालू दे. आभाळ ढगाळ असलं तरी बाहेरचा उजेड घरातल्या दिव्याच्या कितीतरी पट असतो. अर्धा तास बोला. स्थळं, पगार, वजन, यांतलं काही काढू नका. भाजीचा भाव सांगा, शेजाऱ्यांची भांडणं सांगा. आणि हे ऑक्टोबरात सुरू करा, मन बुडायच्या आधी.

दुसरी चिठ्ठी: “ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या पुरणार नाहीत का?” कमतरता असेल तर जरूर घ्या, पण उन्हातून ड जीवनसत्त्व मिळतं ते त्वचेच्या मार्गानं, हा उजेडाचा मार्ग डोळ्यांचा. दिवा आणायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. डोळ्याच्या पडद्याचा आजार असेल, किंवा पूर्वी कधी उन्मादाचा झटका येऊन गेला असेल, तर उजेडानंही बिघडू शकतं.

घंटा वाजली. शेवटचं, आणि हे घंटा वाजली तरी सांगणार. मूल जर म्हणालं, “जगण्यात अर्थ वाटत नाही,” तर तिथे चालणं, उजेड, माझं आजचं भाषण, सगळं बाजूला ठेवा. त्याला सरळ विचारा, “जीव द्यावासा वाटतो का?” विचारल्यानं ती इच्छा वाढत नाही. त्याच दिवशी तिथल्या डॉक्टरकडे, नाहीतर तिथल्या आपत्कालीन सेवेकडे त्याला पोहोचवा, आणि कुणी त्याच्याजवळ येईपर्यंत फोन ठेवू नका. तुमची रात्र असो की पहाट. ज्यांना आपल्या मुलाबद्दल आत्ताच बोलायचं आहे, त्यांनी थांबा. मी खाली दाराजवळ उभा राहतो.