उंदराची साक्ष



मराठीच्या प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानात संतांवर किंवा नाटकावर बोलावे, अशी साधारण अपेक्षा असते. परंतु ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते विज्ञान शिकवीत आणि शब्दाचा अर्थ नीट लागल्याखेरीज पुढचे पान उलटू देत नसत. त्या आठवणीला स्मरून मी आज मधुमेहाची औषधे, यकृतातील मेद आणि रोहिण्यांचा रोग हा विषय घेतला आहे. मी वैद्य नव्हे. मधुमेहाचा जुना रोगी मात्र आहे, आणि वाचनाची खोड त्याहून जुनी आहे.

गेल्या वर्षी देवास गेटच्या बसस्थानकाजवळ एका परिचित गृहस्थांनी मला थांबवून खिशातले एक कात्रण दाखवले. मधुमेहाच्या कोण्या औषधाने यकृतातली चरबी घटली, रोहिण्यांतले थर कमी झाले, असा मथळा होता. डॉक्टरांनी दिलेली गोळी सोडून हे नवे औषध घेण्याचा त्यांचा बेत ठरला होता. चौथ्या ओळीत ‘उंदरांमध्ये’ असा शब्द होता. तो त्यांनी वाचला होता, पण त्याला किंमत दिली नव्हती. ‘मध्ये’ या एवढ्याशा शब्दयोगी अव्ययावर किती भार असतो, हे सांगण्यासाठीच आजचा खटाटोप आहे.

आधी ‘उंदीर’ या शब्दाकडेच पाहू. वीस-पंचवीस ग्रॅमचा छोटा प्राणी आणि त्याच्या दहापटीहून जड असा मोठा, या दोघांना आपण एकाच नावाने ओळखतो. प्रयोगशाळेत मात्र ते दोन वेगळे साक्षीदार आहेत. त्यातल्या छोट्याची गंमत अशी, की त्याला रोहिणीकाठिण्य सहसा होतच नाही. त्याच्या रक्तातले बहुतेक कोलेस्टेरॉल, ज्याला आपण ‘चांगले’ म्हणतो, त्या प्रकारात वाहते. तेव्हा १९९२ साली शास्त्रज्ञांनी एक जनुक निकामी करून असा उंदीर घडवला, की त्याच्या रोहिण्यांत थर साचावेत. म्हणजे ज्याच्यावर औषध आजमावायचे, त्याचा रोगही आपणच घडवलेला. (रोहिणी हा शब्द येथे मुद्दाम वापरतो. माळव्यात हिंदीतून शिकलेली आपली मुले धमनीच म्हणतात, आणि रोहिणी म्हटले की त्यांना नक्षत्र आठवते.)

आता रोसिग्लिटाझोनची कथा ऐका. १९९९ साली बाजारात आलेले हे मधुमेहाचे औषध. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, रोग घडवलेल्या नर उंदरांच्या रोहिण्यांतले थर त्याने ठळकपणे रोखले. माद्यांत तसे दिसले नाही. ही नर-मादीची तफावत तेव्हाच कानावर घ्यायला हवी होती. २००७ मध्ये निस्सेन आणि वोल्स्की यांनी माणसांवरील ४२ चाचण्यांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता सुमारे ४३ टक्क्यांनी वाढलेली दिसली. २०१० मध्ये भारताने या औषधावर बंदी घातली. पुढे २०१३ मध्ये अमेरिकेने त्यावरील बंधने सैल केली, म्हणजे वाद मिटला असे नव्हे. पण जी रोहिणी उंदरात वाचली, ती माणसात वाचल्याचा पुरावा काही मिळाला नाही.

यकृताच्या बाबतीत उलटेच घडले. याच कुळातील औषधांनी काही लठ्ठ उंदरांच्या यकृतातला मेद वाढवला. उंदराचे ऐकून थांबलो असतो, तर २००६ सालची चाचणी झालीच नसती. त्या चाचणीत, मेदाने सुजलेल्या यकृताच्या ५५ रोग्यांपैकी काहींना पायोग्लिटाझोन दिले गेले आणि सहा महिन्यांत त्यांच्या यकृतातला मेद घटला, सूजही उतरली. एकाच कुळातली औषधे, एकच साक्षीदार; रोहिणीबद्दल त्याने आशा दाखवली, यकृताबद्दल भय, आणि माणसाचे शरीर दोन्हीकडे निराळेच बोलले. पायोग्लिटाझोनवर आपल्याकडे जून २०१३ मध्ये बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात वेष्टनावर मूत्राशयाच्या कर्करोगाचा इशारा छापण्याच्या अटीवर उठली, हेही नोंदवून ठेवतो.

म्हणून उंदीर खोटारडा ठरत नाही. लिराग्लुटाइडने हृदयविकाराचे मोठे धोके सुमारे १३ टक्क्यांनी घटतात, हे २०१६ साली ९,३४० माणसांवरील चाचणीत आधी दिसले. ते का, याच्या शोधात २०१८ मध्ये उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले आणि रोहिण्यांतले थर केवळ वजन घटल्यामुळे कमी होत नसावेत, असे त्यांतून सुचले. येथे उंदराला निकालानंतर, कारण विचारण्यासाठी बोलावले गेले. त्याचे हे काम मला अधिक मोलाचे वाटते.

आणखी एक साक्ष पुण्याची आहे. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ साली ‘लान्सेट’मध्ये छापले गेले. उंची-वजनाचे गुणोत्तर दोघांचेही २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! दिसायला सडपातळ, आत मेदाळ, असा हा आपला भारतीय देह. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा त्यांनी जो अभ्यास केला, त्यात नवजात अर्भकेसुद्धा वजनाने कमी पण चरबी राखून असलेली आढळली. दाल-बाफल्यावर तूप ओतताना आपण तोंडाने ‘पोट कुठे आहे मला’ म्हणतो, ते या आकड्यांपुढे टिकत नाही.

पुढे अर्धपोटी ठेवलेल्या मोठ्या उंदरांच्या ५० पिढ्यांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. याज्ञिक त्याच्या लेखकांपैकी एक आहेत. त्या उंदरांच्या रक्तात इन्शुलिन व होमोसिस्टीन अधिक आणि ब-१२ जीवनसत्त्व कमी निघाले. दोन पिढ्या पोटभर अन्न दिल्यावरही ती खूण पुसली गेली नाही. येथे औषध नव्हते, जनुक बिघडवलेले नव्हते; होती ती फक्त भूक, आणि ती आपल्या आजी-पणजीच्या ओळखीची होती. त्या सहा गावांतली मुले आज तिशीच्या घरात आहेत. ती वयात येत असताना, २०१२ पासून, त्यांच्यापैकी काहींना ब-१२ आणि इतर सूक्ष्म पोषकद्रव्ये देण्यास सुरुवात झाली. त्यांच्या पोटी येणाऱ्या मुलांची प्रकृती काय होते, हे पाहण्यासाठी.