अळंबीचा कोरा चहा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



हळदीकुंकवाला मी थर्मासमधून एक पेय आणले होते. पुष्कळजणींनी त्याची कृती विचारली, म्हणून चिटणीसबाईंनी आज मला उभे केले आहे. भाषणाची मला सवय नाही. चुकले तर सांभाळून घ्यावे.

प्रथम अळंबी कोणती ते सांगते. श्रावणाच्या सुमारास वारुळावर फुटणारी आपली अळंबी या कामाची नव्हे. ती खरे तर वाळवीची शेती. वाळवी पाला-लाकूड चावून वारुळाच्या पोटात बुरशी वाढवते आणि पावसात त्या बुरशीलाच वर छत्र्या येतात. आपल्याला ती पेंढ्यावर पिकवता येत नाही, तेव्हा वारूळ उकरू नये. ती ओल्या खोबऱ्याच्या वाटपातच शोभते. तिचा चहा करणे म्हणजे तिची विटंबनाच!

चहाला घ्यावी धिंगरी. भाताचा पेंढा भिजवून, गरम पाण्यातून काढून, निथळून पिशवीत भरतात व थरांमध्ये तिचे बी घालतात. सुमारे तीन आठवड्यांत पेंढा पांढऱ्या जाळीने भरतो. पुढे पिशवी कापून पाणी शिंपडत राहावे. छत्रीच्या कडा वर वळण्याआधीच तोडावी. उशीर झाला की बारीक भुकटी उडते आणि खोकला लागतो. किलोभर ओली धिंगरी वाळून जेमतेम शंभर ग्रॅम भरते. आपल्याकडे समुद्राची दमट हवा, म्हणून हे वाळवण थंडीतच करावे. काडीसारखी मोडली तरच बरणीत भरावी.

आता कृती. दोन पेले पाण्यात मूठभर वाळकी धिंगरी व आल्याचा तुकडा टाकून मंद आचेवर पंधरा मिनिटे उकळू द्यावे. चार मिरी ठेचून घालाव्या, मीठ बेताने. उतरवताना एक सोल टाकून झाकावे व गाळून गरमच प्यावे. दूध-साखर मुळीच नको. उरलेली धिंगरी आमटीत जाते. सासूबाई पहिला घोट घेऊन म्हणाल्या, "ह्येका चाय कोण म्हणतलो गो? ही तर तिवळाची भयण!" पण पेला रिकामा केला. याने अमुक रोग बरा होतो असे कोणी सांगितले तर मात्र विश्वास ठेवू नका. पावसाळी संध्याकाळी बरे वाटते, एवढेच मी म्हणते.

गेल्या श्रावणात आपल्यातल्याच एका बाईंनी रानातली अळंबी आणून, "ही वाळवून चहाला ठेव," म्हणून माझ्या हाती दिली. मी ती परत केली. त्यांना राग आला. कारण तेव्हा सांगितले नाही, ते आज सांगते.

माझ्या माहेरी वहिनीने एकदा परड्यातली अळंबी रांधली. टोपात चांदीचा रुपया टाकला, तो काळा पडला नाही, म्हणून सर्वांनी निर्धास्त खाल्ली. दोन तासांत घरभर उलट्या सुरू झाल्या. वहिनीला तीन दिवस सलाईन लावावे लागले. डॉक्टर म्हणाले, नाण्याचा आणि विषाचा काही संबंध नाही. लसणीचा नाही, तांदळाचाही नाही. लवकर उलट्या झाल्या हे नशीब समजा. जीवघेण्या जातीचे विष सहा तासांनी, कधी त्याहून उशिरा दिसते. मध्येच एखादा दिवस बरे वाटते आणि तोवर आत यकृत नासत असते. ते विष उकळून जात नाही, वाळवूनही जात नाही. शिवाय वाळली की कोणती छत्री कसली होती, हे जाणत्या माणसालाही ओळखता येत नाही. अशी बरणी मी घरात कशी ठेवू? आणि तुम्हांला त्यातले कसे पाजू?

त्या बाई आज समोरच बसल्या आहेत. पडवीत किटली गरम ठेवली आहे. धिंगरी घरच्या पिशवीतली आहे. पहिला पेला त्यांनी घ्यावा, अशी माझी विनंती आहे.