दूरच्या प्रवासासाठी सायकल

कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या मध्ये वसलेल्या कुंभकोणमहून निघून, वाटेत दारासुरमच्या ऐरावतेश्वराचे दर्शन घेऊन, 1855 पर्यंत मराठ्यांची राजधानी असलेल्या तंजावरपर्यंतचा सुमारे 40 किलोमीटरांचा पल्ला ज्याला सायकलने गाठावयाचा आहे, त्याने वाहनाची निवड त्या मुलखाचे स्वरूप ध्यानी घेऊनच करावी.

कावेरीचा हा त्रिभुज प्रदेश सपाट असल्यामुळे येथे गिअरांच्या विपुलतेपेक्षा अंगाला बेताची बसणारी फ्रेम अधिक मोलाची ठरते. सायकल दोन्ही पायांत घेऊन उभे राहिले असता वरच्या दांड्यापासून दोनतीन बोटांचे अंतर मोकळे राहते की नाही, आणि सीटवर बसून पायडल अगदी खाली नेल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहतो की नाही, याची खातरजमा दुकानातच करून घ्यावी.

शर्यतीचे अरुंद टायर वेग देतात खरे, परंतु खडबडीत रस्त्याचा प्रत्येक धक्का मनगटांपर्यंत पोहोचवितात. उलटपक्षी, ओझी वाहण्यासाठी घडविलेली अवजड सायकल भक्कम असूनही दूरच्या मजलीत श्रम वाढविते. म्हणून सुमारे 32 मिलिमीटर रुंदीचे टायर, सामानासाठी कॅरिअर, आणि ऑक्टोबर ते डिसेंबरच्या ईशान्य मोसमी पावसाचा विचार करून मडगार्ड, एवढी तजवीज अवश्य असावी.

पंप आणि पंक्चरचे साहित्य जवळ बाळगून प्रथम नजीकच्या स्वामीमलईपर्यंत एक फेरी करावी, आणि पाठ, मनगटे व गुडघे निःशंक कौल देतील तेव्हाच तंजावरचा रस्ता धरावा.