निवृत्त जहाजांच्या धातूपासून स्मरणवस्तू

जहाज पाण्यात सोडण्याचा समारंभ बहुतेक सर्व दर्यावर्दी समाजांत आढळतो. भारतात नव्या जहाजावर नारळ फोडतात, युरोपात मद्याची बाटली फोडतात. जहाजाला नाव दिले जाते आणि त्या क्षणापासून खलाशी त्याच्याविषयी एखाद्या सजीव व्यक्तीप्रमाणे बोलू लागतात. युद्धनौका सेवेतून निवृत्त होते त्या दिवशी सूर्यास्ताच्या वेळी तिच्यावरील ध्वज शेवटचा उतरविला जातो. येथवर सर्व काही विधिपूर्वक घडते. यानंतर मात्र जहाज लिलावात जाते, रिकाम्या सांगाड्याच्या वजनावर त्याची किंमत ठरते आणि कोणत्याही विधीवाचून त्याचे तुकडे होतात. या तुकड्यांपैकी काही थोडे बाजूला काढून त्यांच्यापासून पदके, फलक, घड्याळे, कागदावर ठेवायची वजने अशा वस्तू बनविण्याची प्रथा आहे. ही प्रथा का निर्माण झाली आणि तिचे मोल कशावर अवलंबून असते, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम धातूचाच विचार करू. मोठ्या जहाजाचा बहुतांश भाग मृदु पोलादाच्या पत्र्यांचा असतो. पंखे कांशाच्या जातीच्या मिश्रधातूचे असतात. नळ, झडपा, दिवे, खिडक्यांच्या गोल चौकटी यांसाठी पितळ आणि तांबे वापरलेले असते. गुजरातमधील अलंग येथे १९८३ साली जहाजे तोडण्याचा व्यवसाय सुरू झाला. खंबायतच्या आखातातील प्रचंड भरतीचा लाभ घेऊन तेथे जहाज किनाऱ्यावर चढविले जाते आणि ओहोटीनंतर ते उघड्या वाळूवर उभे राहते. त्याचे जाड पत्रे कापून आसपासच्या कारखान्यांत नेतात. तेथे ते न वितळविता केवळ तापवून लाटले जातात आणि त्यांपासून इमारतींच्या सळ्या तयार होतात. ज्या पोलादाने अटलांटिक महासागराच्या लाटा झेलल्या, ते शेवटी एखाद्या लहान गावातील घराच्या स्लॅबमध्ये विसावते, आणि त्या घरात राहणाऱ्याला याची वार्ताही नसते. जहाजाच्या धातूचे हेच सर्वसाधारण भवितव्य होय. स्मरणवस्तू हा त्याला अपवाद आहे.

या अपवादाची परंपरा जुनी आहे. ‘फूद्रोयां’ हे ब्रिटिश नौदलाचे जहाज १७९८ साली पाण्यात सोडण्यात आले. काही काळ ते नेल्सनचे ध्वजपोत होते. १८९२ साली ते तोडण्यासाठी जर्मनीतील व्यापाऱ्यांना विकले गेले, तेव्हा इंग्लंडमध्ये मोठा क्षोभ उसळला. एका धनिकाने ते परत विकत घेतले आणि झालेला खर्च भरून काढण्यासाठी किनाऱ्यावरील गावोगावी त्याचे प्रदर्शन मांडले. याच फेरीत, १८९७ सालच्या जूनमध्ये, ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात सापडून ते फुटले. त्याच्या लाकडापासून पेट्या व सामान बनले आणि तळाला ठोकलेल्या तांब्याच्या पत्र्यांपासून पदके पाडण्यात आली. हे तांबे कोणत्या जहाजाचे, ते त्या पदकांवर कोरलेले आहे. जहाज वाचविता आले नाही, त्याचे तांबे मात्र घरोघरी पोहोचले.

दुसरे उदाहरण अमेरिकेचे आहे. ‘मेन’ ही युद्धनौका १५ फेब्रुवारी १८९८ रोजी हवानाच्या बंदरात स्फोट होऊन बुडाली. सुमारे २६० नौसैनिक मृत्युमुखी पडले. पुढे सांगाडा वर काढण्यात आला आणि १९१२ साली त्याचा उरलेला भाग खोल समुद्रात नेऊन बुडविण्यात आला. काढून ठेवलेल्या धातूपासून १९१३ साली शिल्पकार चार्ल्स केक यांच्या रचनेनुसार फलक ओतण्यात आले आणि ते अमेरिकेतील अनेक गावांत बसविले गेले. एका बंदरातील दुःख अशा रीतीने समुद्र कधी न पाहिलेल्या गावांच्या चौकांतही पोहोचले.

भारतात या प्रश्नाला खरी धार आली ती ‘विक्रांत’च्या निमित्ताने. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये ‘हर्क्युलीझ’ या नावाने या विमानवाहू जहाजाची बांधणी सुरू झाली आणि २२ सप्टेंबर १९४५ रोजी ते पाण्यात सोडण्यात आले. पण युद्ध संपल्याने त्याचे काम अपुरे राहिले. १९५७ साली भारताने ते विकत घेतले. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे विजयालक्ष्मी पंडित यांच्या उपस्थितीत ते भारतीय नौदलात दाखल झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईला आले. त्या वेळी त्याच्या स्वागताला पंतप्रधान जवाहरलाल नेहरू उपस्थित होते. पूर्ण भारासह सुमारे १९,५०० टनांचे हे जहाज भारताचे पहिले विमानवाहू जहाज होते. १९७१ च्या युद्धाच्या वेळी त्याच्या चार बाष्पकांपैकी एकाला तडा गेलेला होता. तशा स्थितीतही ते बंगालच्या उपसागरात उतरले आणि ४ डिसेंबर रोजी त्याच्यावरील विमानांनी कॉक्स बाजार व चितगाव येथे हल्ले केले.

३१ जानेवारी १९९७ रोजी ‘विक्रांत’ निवृत्त झाले. त्यानंतर काही वर्षे ते मुंबईत संग्रहालय म्हणून उभे होते. शाळकरी मुले त्याच्या प्रशस्त डेकवरून धावली आणि कित्येकांनी समुद्राच्या बाजूने मुंबई प्रथम पाहिली ती तेथूनच. परंतु पाण्यात उभे असलेले जुने पोलाद दर वर्षी अधिक खर्च मागते. २०१२ साली संग्रहालय बंद झाले. २०१४ साली जहाज सुमारे ६० कोटी रुपयांना विकले गेले. ते वाचविण्यासाठी काही नागरिक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पण जहाज सुरक्षित उरले नाही हे शासनाचे म्हणणे ग्राह्य धरले गेले. नोव्हेंबर २०१४ मध्ये माझगावजवळील दारूखान्याच्या किनाऱ्यावर त्याचे पत्रे कापण्यास प्रारंभ झाला.

त्या पोलादाच्या दोन परिणती सर्वांना ठाऊक आहेत. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईच्या नौदल गोदीच्या लायन गेटजवळ शिल्पकार अर्झान खंबाटा यांनी घडविलेले ‘विक्रांत’चे स्मारक उभे राहिले. ते त्याच जहाजाच्या धातूतून साकारलेले आहे. पाठोपाठ, १ फेब्रुवारी २०१६ रोजी, बजाज ऑटो या कंपनीने ‘व्ही’ नावाची मोटारसायकल सादर केली आणि तिच्यात ‘विक्रांत’चा धातू वापरल्याचे जाहीर केले. जे जहाज शासनाला जपता आले नाही, त्याचा कण सामान्य माणसाने आपल्या वाहनातून बाळगावा, ही कल्पना अनेकांना भावली. जाहिरातीसाठी राष्ट्रीय स्मृतीचा उपयोग व्हावा, हे इतरांना रुचले नाही. दोन्ही भावना समजण्याजोग्या आहेत. पण दोहोंच्या मुळाशी एक प्रश्न आहे, आणि तो धातुशास्त्राचा आहे.

पितळ सुमारे ९०० अंश सेल्सियसच्या आसपास वितळते. लहान ओतारीही आपल्या भट्टीत ते वितळवून रेतीच्या साच्यात ओतू शकतो. पोलादाला सुमारे १,५०० अंशांची उष्णता लागते. हे काम विजेच्या मोठ्या भट्टीचे आहे. अशा भट्टीत एरवी अनेक ठिकाणचे भंगार एकत्र पडते. रस झाल्यावर जहाजाचे पोलाद कोणते आणि मोडक्या पुलाचे कोणते, हे कोणताही रसायनज्ञ सांगू शकत नाही. स्मरणवस्तूसाठी वेगळी घाण भट्टीत घालावी लागते आणि ती वेगळी घातली याची नोंद ठेवावी लागते. ती नोंद नसेल तर वस्तू आणि जहाज यांचा संबंध केवळ विक्रेत्याच्या शब्दावर उरतो.

याच्या उलट, न वितळविता कापून घेतलेला तुकडा स्वतःच थोडीफार साक्ष देतो. पत्र्यावरचे रंगाचे अनेक थर, रिव्हेटचे भोक, गंजाने पडलेले खड्डे, कापताना ज्योतीने उमटलेल्या रेषा हे सारे त्याच्यावर असते. घासून चकचकीत केले की तुकडा देखणा होतो. मात्र त्याची साक्ष पुसली जाते. म्हणून जाणता कारागीर एक बाजू घासतो आणि दुसरी तशीच ठेवतो, आणि गंज पुढे सरकू नये म्हणून तिच्यावर पारदर्शक लेप देतो.

अपवाद म्हणून एका ठिकाणी पोलादाने स्वतःच आपले वय सांगितले आहे. २१ जून १९१९ रोजी जर्मन नौदलाने स्कॉटलंडच्या उत्तरेस स्कापा फ्लो येथे आपलीच जहाजे बुडविली. १९४५ नंतर अणुस्फोटांमुळे हवेत किरणोत्सारी द्रव्ये मिसळली आणि त्या हवेच्या साहाय्याने बनलेल्या नव्या पोलादात त्यांचा अंश उतरला. त्यामुळे अत्यंत सूक्ष्म किरणोत्सार मोजणाऱ्या उपकरणांसाठी त्या बुडालेल्या जहाजांचे जुने पोलाद मोलाचे ठरले. पण हा धातूही आपला काळच सांगतो. जहाजाचे नाव आणि त्यावरील माणसे माणसांनाच नोंदवून ठेवावी लागतात.

नोंदीअभावी काय होते, ते बाजारात दिसते. अलंगकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुतर्फा जहाजांतून निघालेल्या वस्तूंची दुकाने आहेत. कपबश्या, खुर्च्या, दिवे, होकायंत्रे, जीवरक्षक जाकिटे, सर्व काही तेथे मिळते. मुंबईच्या चोर बाजारातही जहाजांचे पितळी दिवे व सुकाणूची चाके मिळतात, आणि त्यांच्या शेजारी हुबेहूब जुनी दिसावीत अशी नवी बनविलेली चाकेही असतात. अस्सल दिव्यालाही त्याचे जहाज कोणते, हे सांगता येत नाही. दिवा शिल्लक असतो. स्मरण हरवलेले असते.

या स्मरणात आणखी एक उणीव राहते. स्मरणवस्तूवर जहाजाचे नाव असते, युद्धाचे वर्ष असते. ज्याने ते पोलाद कापले त्याचा उल्लेख कोठेही नसतो. उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशा येथून आलेले मजूर गॅसच्या ज्योतीने पत्रे कापतात. जुन्या जहाजात अॅस्बेस्टॉस असतो, रंगात शिसे असते, टाक्यांत तेलाचा अंश आणि ज्वालाग्राही वायू साचलेला असतो. कित्येक मजूर या कामात भाजले, कित्येक मरण पावले. ज्या हातांनी जहाज बांधले आणि ज्यांनी ते लढविले, त्यांच्याइतकाच ज्यांनी ते उतरविले त्यांचाही जहाजाच्या कथेवर अधिकार आहे.

येथूनच एक व्यवहार्य मार्ग सुचतो. भारताने २०१९ साली जहाजांच्या पुनर्वापराचा कायदा केला आणि त्याच वर्षी हाँगकाँग आंतरराष्ट्रीय कराराला संमती दिली. हा करार २६ जून २०२५ पासून अमलात आला. या व्यवस्थेनुसार व्यापारी जहाजावर कोणते घातक पदार्थ कोठे आहेत याची यादी ठेवावी लागते. युद्धनौकांना हा नियम बंधनकारक नाही. घातक पदार्थांची यादी करता येते, तर जपण्याजोग्या वस्तूंचीही करता येईल. लिलावापूर्वीच घंटा, नामफलक, सुकाणू, यंत्रकक्षातील तबकड्या, बांधणी करणाऱ्या कारखान्याची पाटी यांची नोंद करून त्या संग्रहालयांसाठी राखून ठेवाव्यात. स्मरणवस्तूंसाठी ठरावीक पत्रे वेगळे काढावेत, त्यांचे वजन लिहून ठेवावे आणि प्रत्येक वस्तूबरोबर पत्रा कोठला, कोणत्या दिवशी व कोणी कापला, याचा दाखला द्यावा. दहा ग्रॅमची एक लाख स्मरणचिन्हे केली तरी त्यांना अवघा एक टन धातू लागतो. हजारो टनांच्या व्यवहारात हा भार कोणालाही जड होणार नाही, आणि विक्रीतून येणाऱ्या रकमेतील काही वाटा त्या मजुरांच्या कुटुंबांकडे वळविता येईल.

ही निकड ‘विक्रांत’बरोबर संपलेली नाही. ६ मार्च २०१७ रोजी ‘विराट’ निवृत्त झाले. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील निवतीच्या समुद्रात त्याचे संग्रहालय करण्याच्या योजनेला महाराष्ट्र शासनाने २०१८ साली मान्यताही दिली होती; तरीही सप्टेंबर २०२० मध्ये ते अलंगच्या वाळूवर चढले. प्रत्येक जहाज वाचविणे कोणत्याही देशाला शक्य नाही, हे मान्य केले पाहिजे. आणि म्हणूनच तुकडा हा जहाजाला पर्याय आहे असा भ्रमही बाळगता कामा नये. हातात मावणाऱ्या पोलादावरून दोनशे मीटरांहून लांब जहाजाच्या डेकवर उभे राहण्याचा अनुभव मिळत नाही. तुकडा एवढेच करू शकतो की, तो पाहून एखादे मूल विचारते, ‘हे कशाचे?’ आणि घरातील वडीलधाऱ्याला उत्तर द्यावे लागते. ते उत्तर खरे असावे, यासाठीच नोंद हवी.

२ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे भारतात बांधलेले नवे ‘विक्रांत’ नौदलात दाखल झाले. त्याचे पोलादही भारतात तयार झालेले आहे. जुन्या जहाजाची घंटा जपून ठेवण्यात आली होती, ती या नव्या जहाजाला देण्यात आली. ती वितळविली गेली नाही, तिचे नाव कोणी पुसले नाही आणि ती कोठून आली हे सर्वांना ठाऊक आहे. जहाजाचा बाकीचा देह सळ्यांमध्ये, स्मारकात, वाहनांत विखुरला. त्याची घंटा मात्र आजही घंटाच आहे.