पिशवी परत येते
(प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज आम्ही मोठे व्याख्यान द्यायला आलेलो नाही. एक साधी गोष्ट सांगायची आहे. ती आहे पिशवीची. बाजारात भाजीबरोबर फुकट मिळते ना, त्या प्लास्टिकच्या पिशवीची.

आमच्या शेजारी एक आजी राहतात. त्यांची एक गाय होती. तांबडी, गरीब स्वभावाची. दूध विकून आजींचा मीठमिरचीचा खर्च भागे. सकाळी धार काढली की त्या गाय मोकळी सोडत. ती गावात हिंडे आणि दिवेलागणीला आपली आपण घरी येई.

एका पावसाळ्यात गाय खाईनाशी झाली. दूध आटले. पोट फुगलेले, अंग मात्र वाळत चाललेले. आजींनी दृष्ट काढली, घरचे औषध पाजले. गुण येईना. शेवटी गुरांच्या डॉक्टरांना बोलावले. त्यांनी डावी कूस चिरून पोट उघडले. आत काय निघाले? पिशव्या! पाटी भरली तरी संपेनात. एकमेकींत पिळून दोरखंडासारख्या झालेल्या. डॉक्टरांनी पुष्कळ खटपट केली, पण उशीर झाला होता. तिसऱ्या दिवशी गाय गेली.

आजी त्या पाटीकडे बघत म्हणाल्या, "काय हो, माझ्या गाईला हे चारलं तरी कोणी?"

आम्ही काही बोललो नाही. काय बोलणार? आमच्याच घरी रोज रात्री उष्टेखरकटे आणि भाजीची देठे पिशवीत भरत. वर गाठ मारून पिशवी कोपऱ्यावरच्या ढिगावर टाकत. घर स्वच्छ राहते, असे आम्हांला वाटे. त्या पाटीत आमच्या घरची एकही पिशवी नव्हती, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

गाय पिशवी का खाते? तिला पिशवी नको असते. तिला आतले अन्न हवे असते. पण गाईला हात नाहीत, गाठ सोडता येत नाही. ती जिभेने घास ओढते आणि फारसा न चावता गिळते. रवंथ मागाहून करते. चारा बारीक होऊन पुढच्या कप्प्यात जातो. पिशवी बारीकही होत नाही आणि जिरतही नाही. ती तिथेच राहते. रोज एक रोज एक साठत जाते. पोट भरलेले आणि गाय उपाशी!

प्लास्टिक खनिज तेलापासून करतात. पालापाचोळा, शेण, चिंधी मातीत कुजते. मातीतले बारीक जीव ते खाऊन टाकतात. प्लास्टिक त्यांना खाता येत नाही. उन्हाने त्याचे तुकडे होतात, तुकड्यांचे कण होतात. पण ते मातीत आणि पाण्यात उरतातच. बाजारापासून घरापर्यंत पिशवी वापरायची अर्धा तास, आणि ती मागे राहायची आपल्या नातवंडांच्याही पुढे!

पिशवी गटारात गेली तर? २६ जुलै २००५ ची मुंबई आठवा. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाऊस अफाट होता, समुद्राला भरतीही होती. पण पाणी वाहून जायचे नाले पिशव्यांनीही तुंबले होते. माणसे घराबाहेर टाकलेल्या पिशव्या विसरली होती. पाणी मात्र घरात आले.

कोणी म्हणेल, "मग जाळून टाकावी." बायांनो, खरे सांगा, चूल पेटवायला पिशवीचा तुकडा लावता की नाही? पटकन पेट घेते, खरे आहे. पण तो धूर विषारी असतो. काही जातीच्या प्लास्टिकच्या धुरात डायॉक्सिन नावाचे जहाल विष असते. तो धूर आधी चुलीपुढे बसलेल्या बाईच्या छातीत जातो आणि मग तिच्या मांडीवरच्या लेकराच्या.

म्हणजे पिशवी फेकली तरी परत येते, पुरली तरी उरते, जाळली तरी छळते. मग उपाय कोणता? ती घरात कमी आणायची. हाच पहिला उपाय.

सरकारने कायदा केला आहे. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकचे चमचे, पेले, ताटल्या अशा एकदा वापरून फेकायच्या वस्तूंवर बंदी आहे. तरी बाजारात पिशव्या दिसतातच. कारण आपण हात पुढे करतो! कायदा दुकानापर्यंत येतो. घरात तो आपणच आणायचा.

सगळे प्लास्टिक टाकून द्या, असे आम्ही म्हणत नाही. बादली दहा वर्षे टिकते, ती खुशाल वापरा. पण घडीभर वापरून फेकायचे ते कमी करा. आमच्या घरी आम्ही काय केले, ते सांगतो.

जुन्या लुगड्याच्या चार पिशव्या शिवल्या आणि दाराच्या खुंटीला अडकवल्या. आधी विसरायला होई. तेव्हा ठरवले, पिशवी विसरली तर परत घरी यायचे. दोनदा हेलपाटा पडला, तिसऱ्यांदा विसरलो नाही. तेलाला किटली नेतो. कार्याला पत्रावळी आणि द्रोण पळसाच्या पानांचे आणतो.

दुधाची पिशवी अजून येते, ती चुकत नाही. पण तिचा कोपरा कापून वेगळा करत नाही, पिशवीलाच लोंबता ठेवतो. नाहीतर तो चिमुकला तुकडा थेट मोरीत जातो. पिशवी धुऊन वाळवून ठेवली की भंगारवाला नेतो. चकचकीत पुड्या मात्र तो घेत नाही. त्यांत प्लास्टिक आणि धातूचे थर चिकटलेले असतात. म्हणून शांपूच्या दहा पुड्यांऐवजी एक बाटली बरी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, उष्टेखरकटे पिशवीत बांधून कधीही टाकत नाही. ते परसातल्या खड्ड्यात जाते आणि त्याचे खत होते.

आता तुम्हांला लिहिता येऊ लागले आहे. मग एक काम करा. आठवडाभर रोज रात्री वहीत वार लिहा आणि पुढे आकडा लिहा : आज घरात किती पिशव्या आल्या? पुढच्या आठवड्यात पुन्हा लिहा. आकडा कमी झाला की नाही, ते तुमचे तुम्हीच वाचाल.

आजींनी पुन्हा गाय घेतली नाही. आता वय झाले, म्हणतात. पण आमची खरकट्याची पाटी परसात निघाली की त्या ओट्यावरून बघतात. पिशवी दिसत नाही ना, एवढेच बघतात.