डंकन एडवर्ड्स : पाच वर्षांची कारकीर्द

डंकन एडवर्ड्स हा इंग्लंडचा फुटबॉलपटू १ ऑक्टोबर १९३६ रोजी डडली या कारखानदारीच्या गावात जन्मला. शाळेत तो मॉरिस या लोकनृत्यातही तरबेज होता. नृत्यमहोत्सव आणि शालेय राष्ट्रीय संघाची निवड चाचणी एकाच दिवशी आली, तेव्हा त्याने फुटबॉलचं मैदान गाठलं. १९५२ साली तो मँचेस्टर युनायटेडमध्ये दाखल झाला. खेळात जम बसला नाही तर हाती कसब असावं, म्हणून त्याने सुतारकामाची उमेदवारीही सुरू केली होती.

४ एप्रिल १९५३ रोजी, वयाची सोळा वर्षं पूर्ण झालेली असताना, तो कार्डिफ सिटीविरुद्ध पहिल्या संघातून उतरला. त्याची जागा लेफ्ट हाफची, म्हणजे आजच्या मिडफिल्डरची. दोन्ही पाय सारखेच तयार. प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू काढून घेणं, लांब पास देणं आणि दुरून गोल मारणं, तिन्ही कामं तो करी. १९५६ साली बर्लिनमध्ये पश्चिम जर्मनीच्या खेळाडूंना चकवत त्याने लांबून मारलेला गोल गाजला.

२ एप्रिल १९५५ रोजी वेम्ब्लीवर इंग्लंडने स्कॉटलंडला ७-२ असं हरवलं. तो त्याचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना. महायुद्धानंतरचा इंग्लंडचा सर्वांत तरुण खेळाडू हा त्याचा मान १९९८ साली मायकेल ओवेनने घेईपर्यंत टिकला. पण देशाकडून खेळून आल्यावरही, त्याच मोसमात तो क्लबच्या युवा संघातून युथ कपच्या अंतिम फेरीत उतरला. कुठलाच सामना त्याने कमी लेखला नाही. त्याचं मोठेपण इथे दिसतं.

१९५६ आणि १९५७ साली युनायटेडने लीग जिंकली. क्लबसाठी १७७ सामने व २१ गोल, देशासाठी १८ सामने व ५ गोल, अशी त्याची कामगिरी.

६ फेब्रुवारी १९५८ रोजी बेलग्रेडहून परतताना संघाचं विमान इंधनासाठी म्युनिकला थांबलं. धावपट्टीवरच्या चिखलबर्फामुळे तिसऱ्या प्रयत्नातही ते उडालं नाही आणि कोसळलं. या अपघातात २३ जण दगावले. त्यांत आठ खेळाडू होते. गंभीर जखमी एडवर्ड्स पंधरा दिवस झुंजला आणि २१ फेब्रुवारीला एकविसाव्या वर्षी गेला. डडलीच्या सेंट फ्रान्सिस चर्चमधल्या त्याच्या स्मृतीच्या रंगीत काचचित्राचं अनावरण १९६१ साली त्याचे मॅनेजर मॅट बस्बी यांनी केलं. १९९९ साली गावात त्याचा पुतळा उभा राहिला, आणि २००२ साली इंग्लिश फुटबॉलच्या हॉल ऑफ फेमच्या पहिल्याच यादीत त्याचं नाव आलं.