पाठ झालेली बाराखडी आणि अडलेले वाचन

(कोरेगाव भीमा येथे शिरूर व दौंड तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेले व्याख्यान)



आज पहिली-दुसरीच्या वाचनाविषयी आपणांशी चार गोष्टी बोलावयाच्या आहेत. विषय लहान मुलांचा आहे, पण तो लहान नाही. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे असे उद्दिष्ट 'निपुण भारत' अभियानाने २०२१ साली ठरविले आणि २०२६-२७ ही त्याची मुदत घातली. ही मुदत सरकारची झाली. मुलाची मुदत याहून आखूड असते. दुसरी संपेतो ज्याला वाचता आले नाही, ते मूल तिसरीत मागच्या ओळीत सरकते. फळ्यावरचा मजकूर हुबेहूब उतरवून घेण्यात ते तरबेज होते. त्याची वही स्वच्छ असते, अक्षरही पुष्कळदा वळणदार असते, आणि म्हणूनच ते गुरुजींच्या नजरेतून सुटते. चौथी-पाचवीत गणिताचे शाब्दिक उदाहरण आले म्हणजे मग सारे उघडे पडते. तोवर त्या मुलाने 'आपल्याला हे येत नाही' असे मनाशी ठरवून टाकलेले असते.

असे का होते, याचा विचार करू लागलो म्हणजे पहिला प्रश्न बाराखडीचा येतो. आपल्या वर्गात बाराखडी तालासुरात म्हटली जाते. ऐकणाऱ्याला वर्ग फार पुढे गेला आहे असे वाटते. पण त्याच वर्गातील एखाद्या मुलाला मध्येच 'मो' दाखवून हे काय आहे असे विचारावे. तो 'म, मा, मि, मी' असे पहिल्यापासून म्हणत येतो आणि 'मो' वर थांबतो. तो वाचत नाही, मोजत येतो. तोंडपाठ झालेल्या धड्याचेही तेच. पुस्तक उलटे धरले तरी धडा बिनचूक म्हणून दाखविणारी मुले आपणांपैकी बहुतेकांनी पाहिली असतील.

पाठांतराला नावे ठेवावीत असा माझा हेतू नाही. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरविली जात, छापील पुस्तक दुर्मिळ होते, आणि जे मुखी होते तेच टिकत होते. त्या काळाला ती रीत शोभली. आज प्रत्येक मुलाच्या हातात पुस्तक आहे. तेव्हा थोडा हिशेब करून पाहावा. क पासून ळ पर्यंत चौतीस व्यंजने. प्रत्येकाची बारा रूपे. म्हणजे ४०८ आकार झाले. ते एकेक करून पाठ करावयाचे म्हटले तर वर्ष पुरणार नाही. परंतु चौतीस व्यंजने आणि अकरा चिन्हे, अशी केवळ पंचेचाळीस गोष्टींची ओळख झाली, आणि चिन्ह अक्षराला जोडले की आवाज कसा बदलतो ही किल्ली हाती आली, की ४०८ कुलपे आपोआप उघडतात. वाचन शिकविणे म्हणजे ही किल्ली देणे होय.

यासाठी बाराखडी टाकून देण्याचे कारण नाही. ती उभी वाचावी. का, मा, ला, रा, बा असा एक उभा स्तंभ फळ्यावर लिहावा. अक्षरे बदलली, काना तोच राहिला. शेजारी की, मी, ली, री, बी असा दुसरा स्तंभ लिहावा. आडवी बाराखडी पाठ होते. उभी बाराखडी मुलाला डोळ्याने पाहावीच लागते. आठवड्याने स्तंभातील अक्षरांचा क्रम बदलावा, म्हणजे त्याचेही पाठांतर होणार नाही.

दुसरा प्रश्न क्रमाचा. वर्णमालेचा क्रम फार शास्त्रशुद्ध आहे. कंठापासून ओठांपर्यंत आवाजाची स्थाने त्यात ओळीने येतात. पण तो व्याकरणकाराच्या सोयीचा क्रम आहे, सहा वर्षांच्या मुलाच्या सोयीचा नव्हे. क, ख, ग, घ, ङ एवढे शिकून मुलाला कोणता शब्द वाचता येतो? घरातला एकही नाही. ङ तर त्याला पुढेही क्वचितच भेटणार. याउलट क, म, ल, र, ब ही पाच अक्षरे आणि काना एवढेच प्रथम घेतले, तर काका, मामा, बाबा, काम, माल, लाल, काल, मला, बाक, रबर हे शब्द पंधरवड्यात वाचता येतात. 'काका, काम करा' हे वाक्यही वाचता येते. पहिल्या पंधरवड्यात मुलाने स्वतःच्या बळावर एक वाक्य वाचले, तर त्याची शाळेकडे पाहण्याची दृष्टीच पालटते.

ही कल्पना माझी नव्हे. आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात फलटण येथे डॉ. मॅक्सिन बर्नसन यांनी शाळेत जाऊनही वाचता न येणाऱ्या मुलांसाठी काम सुरू केले. त्यातून १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली आणि १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही शाळा निघाली. बाई मूळच्या अमेरिकेतल्या, भाषाशास्त्राच्या अभ्यासक, फलटणच्या बोलीचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला होता. वर्णमालेचा क्रम बाजूस ठेवून अक्षरांचे गट करावेत, स्वरचिन्हे आरंभापासूनच सोबत घ्यावीत आणि शिकलेल्या अक्षरांतून लगेच अर्थपूर्ण शब्द वाचावेत, ही त्यांच्या पद्धतीची दिशा. त्याही आधी ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर हे दाखवून दिले होते की, बालशिक्षणाची साधने महागडी असण्याची गरज नाही; बिया, पाने, शंख, माती यांतून ती तयार होतात. वहीच्या पुठ्ठ्याची अक्षरकार्डे आपणही एका दुपारी करू शकतो.

पहिला गट पक्का झाला म्हणजे दुसरा घ्यावा. मी ग, व, न, त, भ ही अक्षरे आणि दुसरी वेलांटी, एक मात्रा व काना-मात्रा ही चिन्हे सुचवीन. 'म' आणि 'भ', तसेच 'ब' आणि 'व' ही डोळ्याला फसविणारी जोडपी आहेत, म्हणून ती निरनिराळ्या गटांत ठेवली. (लेखनात मात्र एका वळणाची अक्षरे एकत्र घेणे सोयीचे असते; वाचन व लेखन यांचे क्रम सारखेच असावेत असा हट्ट नको.) पहिली वेलांटी मुद्दाम मागे ठेवली आहे. 'शिरूर' हा आपल्या तालुक्याचा शब्द पाहा. कानाला 'श' आधी ऐकू येतो आणि डोळ्याला वेलांटी आधी दिसते. हा घोटाळा पहिल्याच महिन्यात मुलाच्या गळ्यात कशाला घालावा?

आता या दहा अक्षरांत आणि चार चिन्हांत काय काय बसते ते पाहू. भाकरी, तवा, भात, गाव, नाव, कोबी, गोवरी. 'नाना गावी गेले.' 'बाबा मला रागावले.' आणि रस्त्यावरच्या पाटीवर लिहिलेले आपल्या गावाचे पूर्ण नाव : कोरेगाव भीमा. त्यात एकही जोडाक्षर नाही, एकही अनोळखी चिन्ह नाही. शाळेत येता-जाता मुलाच्या डोळ्यांपुढून जाणारी ती पाटी एके दिवशी वाचता आली पाहिजे. शिक्रापूरच्या शिक्षकांना जोडाक्षरासाठी थोडे थांबावे लागेल. पेरणे व राहू या गावांचे काम त्यामानाने सोपे आहे.

या नावातच एक अडचणही आहे आणि ती समजून घेण्याजोगी आहे. 'कोरेगाव' उच्चारताना मुलांना टाळ्या वाजविण्यास सांगावे. टाळ्या तीन पडतात : को, रे, गाव. फळ्यावर अक्षरे मात्र चार. 'भाकरी'ला टाळ्या दोन पडतात आणि अक्षरे तीन आहेत. मराठीत शब्दाच्या शेवटचा 'अ' आपण बोलत नाही, मधलाही पुष्कळदा गिळतो. मूल 'क... म... ळ...' असे प्रत्येक अक्षर पूर्ण उच्चारून वाचते आणि त्यातून निघालेला आवाज त्याने घरी कधी ऐकलेलाच नसतो. म्हणून तीनही अक्षरे बरोबर ओळखून ते शब्दापाशी अडते. आपण म्हणतो, 'अरे, सगळी अक्षरे तर आली, मग शब्द का येत नाही?' तो याचसाठी येत नाही. अशा वेळी अक्षरे पुन्हा घोकून घेऊ नयेत. 'आता भराभर म्हण. असा शब्द तू कुठे ऐकला आहेस?' एवढे विचारावे. आवाजाकडून अर्थाकडे उडी मारावयास शिकविणे हा वाचनाचा दुसरा अर्धा भाग आहे. 'चार' व 'चाक' यांतील च एकच लिहितात, बोलतात दोन. 'दौंड'मधील अनुस्वार ण सारखा वाजतो, 'कोंबडी'मधील म सारखा. यांचे नियम पहिलीत सांगण्यात अर्थ नाही. शब्द ओळखीचा असला की जीभ आपणच योग्य ठिकाणी जाते. म्हणून रोज गोष्ट सांगणे, गाणी म्हणणे, मुलांना बोलते करणे ही करमणूक नसून वाचनाचीच तयारी आहे.

येथे मला जरा स्पष्ट बोलावयाचे आहे. फळ्यावर 'पाणी' लिहिले असता आपल्या वस्तीवरचे मूल 'पानी' असे वाचते. त्याने अक्षर ओळखले, चिन्ह ओळखले, शब्द ओळखला, अर्थही जाणला. तहान लागली असेल तर माठाकडे पाहिलेही. हे वाचन पूर्ण झाले. त्याच क्षणी आपण 'पानी नाही, पाणी म्हण!' असे खेकसलो, तर मुलाला वाटते की आपले वाचन चुकले. उच्चाराचे वळण सावकाश लागेल, त्यासाठी वेगळा तास आहे. वाचनाच्या वेळी बोलीची दुरुस्ती करू नये. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात ग्रामीण शाळांसाठी असा शिक्षक मागितला होता की ज्याला नांगराला हात लावण्याची लाज वाटणार नाही आणि जो सामान्य लोकांत मिसळेल. नांगराची लाज नको, तशी नांगर धरणाऱ्याच्या बोलीचीही नको.

सणसवाडी, कोरेगाव, शिक्रापूर, रांजणगाव या पट्ट्यात कारखाने आल्यापासून वर्गाचे रूप पालटले आहे. मराठवाडा-विदर्भातली मुले आहेत, बिहार व उत्तर प्रदेशातली आहेत. दौंडकडे ऊसतोडणीच्या हंगामात येणारी निराळीच. हिंदी बोलणारे मूल चित्रतक्त्यावर 'न नळाचा' पाहून 'नल' म्हणते. ते अक्षर चुकले नाही. चित्रतक्त्याबद्दल मी एवढेच म्हणेन की, काही दिवसांनी चित्रावर हात ठेवून अक्षर विचारावे. पुष्कळदा मूल चित्र वाचत असते. त्या परप्रांतीय मुलाच्या भाषेतलेही एक-दोन शब्द फळ्यावर यावेत. लिपी तर एकच आहे.

द्विशिक्षकी शाळेत हे सारे करावयास वेळ कोठून आणावा, असे आपण म्हणाल. प्रश्न रास्त आहे. रोज प्रत्येक मुलाचे वाचन ऐकणे शक्य नाही. पण रोज पाच मुलांचे, दोन-दोन मिनिटे, शक्य आहे. त्यात पाठ्यपुस्तकातील धडा ऐकू नये, तो कानावरून पाठ झालेला असतो. शिकविलेल्या अक्षरांचा, पण कधी न दाखविलेला शब्द कार्डावर लिहून दाखवावा. मधूनच 'लेरी', 'कोभा' असा निरर्थक शब्द द्यावा. मुले हसतात आणि वाचतात, आणि कोण अंदाजाने बोलतो व कोण वाचतो हे आपणांस क्षणात कळते. पुढे अक्षरे वाढली म्हणजे 'पाटी बाकावर ठेव' अशी चिठ्ठी मुकाट्याने वाचावयास द्यावी. मुलाने पाटी उचलून बाकावर ठेवली की तपासणी झाली. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद व गोष्ट अशा पायऱ्यांनी मुलाचे वाचन पाहतात. तशीच चार रकान्यांची एक साधी नोंद वहीच्या शेवटच्या पानावर ठेवली तर दर महिन्याला कोणते मूल जागेवरच थांबले आहे ते दिसते. ती नोंद वरिष्ठांना दाखविण्यासाठी नसावी. ती आपल्यासाठीच असावी, म्हणजे खरी राहील.

आपणांपैकी काही जणांनी 'र'च्या जोडाक्षरांविषयी विचारले आहे, त्याविषयी सांगून थांबतो. र चार वेषांत येतो आणि चारही एकाच आठवड्यात शिकविले तर मुलाचा गोंधळ होणारच. प्रथम 'ट्रक' व 'ड्रम' घ्यावेत. कारखान्यांमुळे हे शब्द आपल्या मुलांच्या तोंडी आहेतच. नंतर 'प्र' आणि 'क्र', म्हणजे शिक्रापूरची पाटी मोकळी होईल. रफार त्यानंतर, तो डोक्यावर दिसतो पण अक्षराच्या आधी बोलला जातो, तेव्हा 'सूर्य' सावकाश म्हणवून कानाने ओळखू द्यावा. सर्वांत शेवटी 'वाऱ्या', 'दुसऱ्या' यांतील र. तो शिकविताना 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द शेजारी लिहावेत, एकाखाली समुद्राचे आणि दुसऱ्याखाली डोंगरांचे चित्र काढावे, आणि मुलांकडून ते आलटून पालटून मोठ्याने वाचून घ्यावेत.